पाचवा ठोका

"खाली उभं राहून वर चढलेल्याला अक्कल शिकवू नये. एक तर शिडी धर, नाहीतर वर ये."

हे माझ्या सासूबाईंचं वाक्य. त्या तेव्हा माळ्यात कमरेपर्यंत शिरलेल्या होत्या. बाहेर दिसत होती ती फक्त त्यांची दोन पावलं, आणि त्या पावलांना उद्देशून मी खालून, "आई, सांभाळून. आई, डावा पाय. आई, तिथे नको," अशी माळ ओढत होते. माळ्याच्या पोटातून आलेला तो आवाज अजून कानात आहे. मी मुकाट्याने शिडी धरली. वर जाण्याचा प्रश्नच नव्हता. मला उंची सोसत नाही. स्टुलावर उभं राहून दिवा बदलायचा म्हटलं तरी घर माझ्याभोवती फिरायला लागतं. आमचे हे म्हणतात, ही खुर्चीवर चढली की खुर्चीलाच घाम फुटतो.

सासूबाई आता नाहीत. असत्या तर त्यांना हसू आवरलं नसतं, कारण अशा बाईच्या नशिबात देवाने नोकरी कुठली लिहावी, तर उंच इमारतीच्या बांधकामावर सेफ्टी को-ऑर्डिनेटरची.

म्हणजे नेमकं काय करता, असं शेजारणी विचारतात. मी सांगते, सकाळी जेवढी माणसं फाटकातून आत येतात तेवढी संध्याकाळी बाहेर पडायला हवीत, तीही आपापल्या पायांनी आणि सगळ्या बोटांसकट. एवढंच काम. आधी मी एका कारखान्यात हेच करत होते. तिथे सगळं जमिनीवर होतं. यंत्राला जाळी आहे का, हातात मोजे आहेत का, बघायचं आणि देवाचे आभार मानून घरी यायचं. मग कंपनीने मला उचलून इथे टाकलं, आणि इथे तर सगळं वरवर चाललेलं. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं अधिक वर.

शिवाय माझे काही नेम आहेत. पहाटे देवापुढे बसल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. डब्यातला पहिला घास दुसऱ्या कुठल्या तरी जिवाचा. खोटं बोलायचं नाही. हे बांधकामावरही पाळता येतं. घासासाठी तर सिमेंटच्या शेडमागे एक पिवळा कुत्रा वेळेच्या आधीच येऊन बसतो. अडचण आहे ती एकाच नेमाची. कोणावरही आवाज चढवायचा नाही, हे व्रत मी लग्नाआधीपासून धरलंय, आणि बांधकामावर आवाज न चढवता साधा चहासुद्धा मिळत नाही.

माझ्या आधीचे सेफ्टीवाले फाटकातून ओरडायला सुरुवात करायचे ते थेट गच्चीपर्यंत ऐकू जायचे म्हणे. पहिल्या दिवशी मी काँक्रीटच्या मिक्सरजवळ उभी राहून म्हणाले, "दादा, हेल्मेट घाला." त्याने मान हलवली आणि मला वाळूची पाटी आणून दिली. दुसऱ्याने वेळ सांगितली. तिसरा म्हणाला, "संडास तिकडे आहे, ताई."

देव मार्ग दाखवतो. आपला आवाज चढवायचा नसेल तर बाकीच्यांचा उतरवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ वीजफळ्यापाशी गेले आणि मुख्य बटण खाली ओढलं. मिक्सर थांबला, सळया कापायचं यंत्र थांबलं, कुणी तरी विजेच्या स्पीकरवर लावलेलं गाणंही अर्ध्यात थांबलं. अख्खं बांधकाम माझ्याकडे बघायला लागलं. मग मी माझ्या आवाजात सांगितलं की हेल्मेट डोक्यावर हवं, पाटीत नको. सांगून झाल्यावर बटण वर. तेव्हापासून रोज सकाळी हाच रिवाज पडला. माणसं मला 'हळूबाई' म्हणायला लागली. तोंडावर नाही, पण बांधकामावर भिंती अजून व्हायच्या असतात, ऐकू येतंच.

आणि खरं सांगते, मला वाटलं होतं माझं बरं चाललंय. मी सकाळ-संध्याकाळ फेरी मारायची. पहिला मजला, दुसरा, तिसरा, चौथा. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, पायांत बूट, कमरेला पट्टा. चौथ्याच्या पुढे मात्र मी जात नसे. चौथ्यापर्यंत जिन्याला भिंत झालेली होती. पाचव्यापासून नुसता जिना आणि बाजूला आभाळ. वरचे मजले मी फोटोंवर तपासायची. मिस्त्री फोटो काढून साहेबांना पाठवायचे, साहेब मला. फोटोत सगळे पट्टे लावून रांगेत उभे, शाळेच्या वर्गासारखे.

वर काम करणारे ते मिस्त्री म्हणजे सेंटरिंगचे मिस्त्री. स्लॅब ओतण्याआधी खालून फळ्यांचा साचा बांधायचा आणि स्लॅब घट्ट झाल्यावर तो साचा सोडवायचा, हे त्यांचं काम. सगळं आयुष्य उंचावर गेलेलं. मिशा पिकलेल्या, चाल मांजराची. त्यांना सगळे नुसतं 'मिस्त्री' म्हणायचे, मी 'मिस्त्रीकाका' म्हणायची. ते मला 'बाई' म्हणायचे, पण असं की त्यात 'बिचाऱ्या' हा शब्द न बोलता यायचा.

आणखी एक गोष्ट मला त्या बांधकामावर फार आवडायची. मी फेरीला निघाले की कुठेतरी लोखंडी पाइपवर ठोका पडायचा. टण्ण. पुढच्या मजल्यावर गेले की दोन. तिसऱ्यावर तीन. चौथ्यावर चार. मला वाटायचं, वर कुणीतरी भाविक माणूस आहे. त्या ठोक्यांवर मी मनातल्या मनात नाम घ्यायची. देवळाची घंटा काय आणि लोखंडाचा पाइप काय, भाव महत्त्वाचा. घरी मी यांना सांगितलंसुद्धा, आमच्या बांधकामावर फार चांगलं वातावरण आहे.

हे म्हणाले, "ठोके तुझ्याबरोबरच वाढतात?"

"हो ना. काय योगायोग बघा."

यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ते हलत होतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एके दुपारी वरून चप्पल पडली.

मी शेडमागे डबा उघडून पहिला घास कुत्र्यापुढे ठेवला होता. तो खाली वाकला, आणि त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर एक चप्पल धप्पकन आदळली. मी जागच्या जागी थिजले. कुत्र्याला मात्र वाटलं, आज दुसराही घास आहे. त्याने ती उचलली आणि निघाला. मग हळूबाई पिवळ्या कुत्र्यामागे वाळूच्या ढिगाला प्रदक्षिणा घालतेय, हे दृश्य सगळ्यांनी जेवता जेवता पाहिलं. आवाज चढवायचा नसल्यामुळे मी त्याला "बाळा, दे" एवढंच म्हणत होते. दोन ढीग झाल्यावर त्याला दया आली.

चप्पल डाव्या पायाची होती. तुटलेला अंगठा तारेने बांधलेला, तारेची टोकं आत वळवून नीट दाबलेली. माझ्या मनात आलं, बांधकामावर सगळ्यांच्या पायांत बूट असताना आभाळातून चप्पल कशी पडेल? आणि दुसरं, त्याहून वाईट. चप्पल निसटली तेव्हा पाय कुठे होता?

सामान वर नेणारी लिफ्ट चालवणारा ऑपरेटर जिन्याच्या तोंडाशीच बसतो. मी चप्पल त्याच्यापुढे धरली. "ही वरून पडली."

त्याने चप्पल बघितली, आभाळ बघितलं, पुन्हा चप्पल बघितली. "कावळ्याने टाकली असेल, ताई."

"कावळ्याने?"

"हल्ली काहीही उचलतात."

मी जिन्याकडे वळले आणि पहिल्या मजल्यावर पाय ठेवला. टण्ण.

ओठांवर नाम आलं होतं, ते तिथेच अडकलं. मी थांबले. दोन पायऱ्या खाली उतरले. शांतता. पुन्हा वर आले. टण्ण. पुन्हा उतरले, पुन्हा चढले. टण्ण. वरून धावपळीचा आवाज यायला लागला, कोणीतरी कुणालातरी म्हणत होतं, "अरे आल्या का गेल्या, नक्की सांग की." जिन्याच्या खिडकीतून मी खाली वाकून पाहिलं. ऑपरेटरच्या हातात पाना होता, बाजूला उभा पाइप होता, आणि त्याची नजर माझ्या चमकणाऱ्या जाकिटावर होती. आमची नजरानजर झाली. त्याने पान्याने पाठ खाजवली.

मी चौथ्यापर्यंत गेले. चार ठोके पडले, पण जरा ओशाळलेले. चौथ्यावर सगळे पट्टे लावून इतकं मन लावून काम करत होते की एकजण रिकाम्या भिंतीला थापीने रिकामाच हात फिरवत होता. मी त्यांच्यामधून पुढे गेले आणि आजवर कधी न केलेली गोष्ट केली. पाचव्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणापर्यंत, भिंतीला पाठ घासत, डोळे पायांवर ठेवून गेले आणि पलीकडे डोकावले.

वळणावर बूट मांडून ठेवले होते. जोड्या जोड्यांनी, टाचा भिंतीला लावून. शेजारी हेल्मेटं, पालथी, एकावर एक. आणि सळईच्या टोकांना टांगलेले पट्टे, सगळ्यांचे हूक एकाच दिशेला. देवळाबाहेर माणसं पादत्राणं काढतात तितक्या श्रद्धेने सगळं काढून ठेवलेलं. बाजूला एक निळी बादली उपडी ठेवली होती. ती मी ओळखली. ती नवव्या मजल्याच्या प्रत्येक फोटोत होती. म्हणजे ते फोटो इथेच निघत होते.

म्हणजे माझ्या देखरेखीखाली चौथ्या मजल्यापर्यंत, जिथून पडायला जागा नाही, तिथपर्यंत सगळे देवाघरच्या फुलांसारखे सुरक्षित होते. आणि जिथून खरंच पडता येतं तिथे सगळे अनवाणी.

वरून एक पाय चप्पल घातलेला आणि एक उघडा असे मिस्त्रीकाका उतरत आले. मला तिथे बघून थबकले. मग माझ्या हातातली चप्पल बघितली.

"ती माझी," ते म्हणाले.

"कावळ्याची नाही का?"

"कोण म्हणालं कावळ्याची?" त्यांनी चप्पल घेतली, पायात सरकवली आणि तारेवर एकदा अंगठा दाबून पाहिला. मग त्या बुटांच्या रांगेकडे बघून म्हणाले, "ओरडा आता."

"मी ओरडत नाही, काका. ठाऊक आहे तुम्हाला."

"तेच तर." ते पायरीवर बसले. "आधीचा होता तो आईवरून शिवी द्यायचा. शिवी खाल्ली की हिशेब मिटला, आपण मोकळे. तुम्ही नुसत्या बघता. माणसाला जेवण जात नाही."

"चप्पल पडली तेव्हा पाय कुठे होता?"

त्यांनी एक हात नुसता बाहेरच्या बाजूला करून दाखवला, आभाळाकडे.

"पट्टा का नाही लावत?"

"जनावराला दावं लावतात, बाई. माणसाला नाही. आणि पट्टा लावला की पायांना माज येतो. ते लक्ष देत नाहीत."

"चपलेने दिलं लक्ष?"

मिशीत हसू आलं आणि लगेच गेलं. मग ते म्हणाले, "बरं, लावला पट्टा. हूक कशाला अडकवू?"

"म्हणजे?"

"म्हणजे वर कशाला अडकवू? नवव्यावर या, दाखवा. भिंत नाही, कठडा नाही, दोर नाही. चार बाजूला वारा आहे. त्याला अडकवतो हवं तर."

कारखान्यात असताना शिकलेलं मी रोज सकाळी सांगत होते, हूक अडकवा, हूक अडकवा. कशाला, हे मी कधी बघायलाच गेले नव्हते. त्यांची माणसं हूक आपल्याच पट्ट्याला अडकवून फोटो काढत होती. आपण आपल्यालाच धरून उभं राहायचं, असा प्रकार.

"दोर मागितला का नाही?" मी विचारलं.

"मागून काय, तुम्ही तो चौथ्यावर लावला असता." हे टोचून बोलणं होतं, पण खोटं नव्हतं. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आणि मला तरी कुठे हवा होता. उगीच तुमच्यावर ढकलू नये."

मी विचारलं, "दोर ताणला तर पट्टा लावाल?"

"दोर कुठल्या खांबाला, किती उंचीवर, हे सांगायला सेफ्टीचं माणूस लागतं. त्याशिवाय साहेब चालवून घेत नाहीत. आणि सेफ्टीचं माणूस तर..." त्यांनी माझ्या भिंतीला चिकटलेल्या पाठीकडे बघितलं. "तुम्ही वर या, बाई. आपल्या पायांनी. मग तुम्ही सांगाल तिथे दोर बांधतो, आणि पट्टा लावतो. मी लावला की मागचे सगळे लावतील. शब्द."

मी म्हणाले, "उद्या सकाळी येते."

तोंडून निघून गेलं. आणि माझा खोटं न बोलण्याचा नेम त्यांनाही माहीत होता. ते जरा चमकून माझ्याकडे बघत राहिले, मांजराने उडी मारावी आणि फांदीच हलावी तसे.

खाली येऊन मी साहेबांच्या खोलीत गेले. साहेब वयाने माझ्या धाकट्या दिरापेक्षाही लहान, पण त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं माझ्या सासऱ्यांची. उद्या सकाळी नवव्याच्या कडेच्या फळ्या सोडवायच्या होत्या. म्हणजे मिस्त्रीकाकांनी कडेवर वाकून, अर्धं अंग बाहेर काढून, खालून पाचर मारून एकेक फळी मोकळी करायची.

"दोर लागेल," मी म्हणाले.

"लावू ना. बाहेरून माणूस बोलावतो, तो जागा बघून सांगेल. पुढच्या आठवड्यात येईल."

"आणि फळ्या?"

"फळ्या उद्या. त्या थांबत नाहीत, बाई. पुढचा स्लॅब अडकलाय." मग समजूत घातल्यासारखे, "मिस्त्री आयुष्यभर हेच करत आलेत. एक दिवस चालवून घेऊ."

"त्यांची चप्पल आज पडली."

"चप्पलच ना?"

"आज चप्पल."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग तुमचं म्हणणं काय? दोराची जागा कोण सांगणार?"

"मी. सकाळी वर जाऊन."

त्यांनी नुकताच पुन्हा घेतलेला घोट नाकातून बाहेर आला. पुसता पुसता म्हणाले, "बाई, तुम्ही? तुम्ही माझ्या खोलीच्या या तीन पायऱ्या कठडा धरून चढता."

"त्या पायऱ्या सैल आहेत. दुरुस्त करायला सांगितल्या होत्या."

"आणि नाही जमलं तर?"

"मग फळ्या निघणार नाहीत. काम बंद."

बाहेर मिक्सर एवढ्याने चालू होता की त्यांना 'काम' एवढंच ऐकू गेलं असावं. ते म्हणाले, "हो, काम तर आहेच." मी बाहेर गेले, बटण खाली ओढलं, आणि शांत झालेल्या बांधकामातून परत त्यांच्या दारात येऊन तेच वाक्य तेवढ्याच आवाजात पुन्हा म्हणाले. या वेळी नवव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. वरून कुणीतरी खाकरलं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "उद्या सकाळी. तुम्ही वर नाही पोचलात तर मी फळ्या काढायला लावणार. वरून विचारलं तर मला उत्तर द्यायचंय. आता वीज द्या."

संध्याकाळी घरी आले, देवापुढे बसले, आणि मग स्वयंपाकघरातली शिडी काढली. हे वर्तमानपत्र घेऊन आले. वर्तमानपत्र त्यांना आधारासाठी लागतं.

"माळ्यावर काय शोधतेस?"

"धीर."

"तो तिथे नाही. तिथे पाहुण्यांच्या गाद्या आहेत."

मी दुसऱ्या पायरीवर होते. घर फिरायला लागलं होतं, पण अजून हळू. "शिडी धरा," मी म्हणाले.

यांनी शिडी धरली. मी तिसऱ्या पायरीवर गेले आणि डोळे मिटले.

"डोळे मिटून नवव्या मजल्यावर जाणार आहेस?" यांनी विचारलं. यांना सगळं कळलं होतं. मी न सांगताच यांना कळतं, फक्त वर्तमानपत्र घडी घालायला वेळ लागतो.

"जाऊ नकोस असं नाही म्हणणार?"

"म्हटलं असतं. पण तू शब्द देऊन आली आहेस. शब्द दिल्यावर तुझ्यापुढे बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं." मग म्हणाले, "आई काय म्हणायची, आठवतं ना?"

"शिडी धर, नाहीतर वर ये."

"त्याच्या पुढचं ती तुला कधी म्हणाली नाही. मला म्हणायची. वर जाताना वर बघू नये आणि खाली तर मुळीच बघू नये. ज्या पायरीवर पाय आहे तिच्याशी बोलावं."

"पायरीशी?"

"ती माळ्यावर चढताना पुटपुटायची ते काय होतं, तुला वाटलं जप?"

मला तसंच वाटलं होतं. माझ्या सासूबाई पायऱ्यांना 'बाई गं, धर मला, सोडू नकोस' म्हणायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. मी चौथ्या पायरीवर गेले. माळ्याच्या तोंडाशी धूळ होती, गाद्या होत्या, आणि सासूबाईंची एक जुनी बॅटरी होती. ती पेटली नाही. तरी मी ती बरोबर घेतली.

सकाळी फाटकातून शिरले तेव्हा सगळे आधीच येऊन उभे होते. एरवी सगळ्यांना उशीर होतो. साहेब घड्याळ बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते. कुणीतरी पैज लावली असावी, कारण सळया बांधणारे दोघे माझ्याकडे फार प्रेमाने बघत होते आणि गिलाव्यावाले फार काळजीने. मिस्त्रीकाका दिसले नाहीत. ते पहाटेच दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकून वर गेले होते, असं ऑपरेटर म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, "ताई, ते कावळ्याचं..."

"असू दे. कावळ्याचं मनावर घेतलं नाही मी."

"ठोके आजपासून बंद करतो."

मी विचार केला. "नको," मी म्हणाले. "मारा. सवय झालीय. फक्त मी नसतानाही मारत जा, अधूनमधून, मनाला येईल तेव्हा. मी आले की नाही ते वरच्यांना कळता कामा नये."

त्याला ते समजायला एक क्षण लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्यावरून मला कळलं, हा माणूस आता माझ्या बाजूचा.

जेवणाची वेळ नव्हती, तरी मी डबा उघडला आणि पिवळ्या कुत्र्याला पहिला घास दिला. कोण जाणे, दुपारी मी खाली असेन की नाही. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट केला. कमरेचा पट्टा लावला, हूक हातात धरला. जाकिटाच्या खिशात सासूबाईंची न पेटणारी बॅटरी होती.

पहिला मजला. टण्ण. मी नाम घेतलं. तो ठोका घंटेचा नव्हता हे कळल्यावरही ओठांनी सवय सोडली नव्हती, आणि मीही त्यांना अडवलं नाही. दुसरा. तिसरा. माझ्या मागे कोणी येत नव्हतं, पण खालचं सगळं बांधकाम न बोलता उभं होतं; आज कोणी बटण ओढलेलं नसूनही मिक्सर बंद होता. चौथ्यावर चार ठोके पडले. थापीवाल्याने आज रिकाम्या भिंतीवरून हात काढून घेतला आणि भिंतीला चिकटून मला वाट दिली.

वळणावर गेले. बुटांच्या रांगेत खाच पडली होती. कडेची एक जोडी जागेवर नव्हती, आणि त्या जागी तारेने अंगठा बांधलेली चप्पल, जोडीने, टाचा भिंतीला लावून ठेवली होती. शेजारचा एक पट्टाही सळईवर नव्हता.

भिंत संपली. उजव्या हाताला वारा होता. वरून, फार वरून, मिस्त्रीकाकांचा आवाज आला. ते ओरडत नव्हते. माझ्यासारखंच बोलत होते, पण शांततेत ते खालपर्यंत येत होतं. "सावकाश, बाई. फळ्या कुठे पळत नाहीत."

खाली ऑपरेटर पाना उचलून थांबला होता. चारच्या पुढचा आकडा त्यांच्या भाषेत नव्हता; तो कधी लागलाच नव्हता.

मी पायाखालच्या पायरीकडे बघितलं. "बाई गं," मी तिला हळूच म्हणाले, "धर मला," आणि पाचव्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.